ताई तिथे, मूल ओडिशात, मध्ये आम्ही

कुळागरातला
नमस्कार. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझी ताई आणि भावोजी इंग्लंडला, स्विंडनमध्ये असतात. भावोजींच्या आजोबांचा जन्म लिस्बनला नोंदवला, त्यावर पोर्तुगीज पासपोर्ट, त्यावर इंग्लंड. गोव्यात ही कथा कुणाला समजावून सांगायला नको, दर वाड्यावर अशी दोन घरं सापडतील. लग्नाला अकरा वर्षं झाली. उपचारांबद्दल लिहीत नाही, सगळं करून झालं एवढंच. आता दोघांनी भारतातून मूल दत्तक घ्यायचं ठरवलंय. दोघांकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते) आहे, त्यामुळे कारा, म्हणजे दत्तकाचं काम बघणारी केंद्रीय संस्था, तिच्या यादीत ते इथल्या जोडप्यांच्याच रांगेत. दोघांच्या वयांची बेरीज ८८. ती ८५च्या आत असेल तरच दोन वर्षांखालचं मूल मिळतं, म्हणजे तान्हं बाळ नाही हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे. नातेवाइकांना माहीत नाही. तिकडून 'पाळणा आणू का' असे फोन चालू आहेत.

कायद्याचं ताई बघून घेईल, तिला फायली लावायची हौस आहे. मला विचारायचंय ते वेगळंच. आम्ही इथे डिचोलीत बसून नेमकं करायचं काय? रोज रात्री ताईचा फोन येतो. आई विचारते, "काय नवीन?" ताई म्हणते, "काही नाही." मग दोघी पावसावर बोलतात आणि फोन ठेवतात. आईचं तोंड पुढचा तासभर उतरलेलं.

गेल्या रविवारी तिथल्या समाजसेविकेने व्हिडिओ कॉलवर माझी मुलाखत घेतली. ताईने घरचा माणूस म्हणून माझं नाव दिलं होतं. पाऊण तास चालली. तिने विचारलं, तुमची बहीण रागावली की काय करते? मी खरं ते सांगून बसलो: भांडी घासते, मोठ्याने आवाज करत. आता रात्री झोप नाही. या उत्तराने तिचं मूल हुकणार तर नाही ना?

अबोली
भांड्यांचं उत्तर फर्मास आहे, निर्धास्त झोपा. 'आमची ताई कधी रागावतच नाही' असं सांगितलं असतंत तर ती बाई जास्त खोदत बसली असती.

आम्ही मडगावचे, आमचं देशांतर्गत दत्तक. लेक आता नऊ वर्षांची. वाट पाहिली साडेतीन वर्षं, त्या काळात सगळ्यांत जास्त उपयोगी पडली माझी धाकटी जाऊ. तिने एकदाही 'काही कळलं का' विचारलं नाही. दर सोमवारी सकाळी तिचा मेसेज यायचा: आज बांगडे चांगले मिळाले, तुला ठेवू का. बस. आईंना सांगा, 'काय नवीन' हा प्रश्नच बंद. नवीन असेल तेव्हा ताई श्वास घ्यायच्या आत सांगेल.

आम्हाला मुलाची माहिती आली तेव्हा मूल राखून ठेवायला ४८ तास होते. नवरा कुळ्याला कामावर, फोनला रेंज नाही. मी आणि जाऊ वैद्यकीय अहवालाचं प्रिंट घेऊन स्कूटरवरून बालरोगतज्ज्ञांकडे. अहवालात एक शब्द होता, मी तो गुगलवर शोधून आधीच रडून घेतलं होतं. डॉक्टर म्हणाले, हे निम्म्या वॉर्डाला असतं. तर दुसरं काम हे: ओळखीतला एक बालरोगतज्ज्ञ आधीच सांगून ठेवा, की अमुक दिवशी अचानक अहवाल घेऊन येऊ. ताईंनी तिथेही एक गाठून ठेवावा, पण भारतातल्या संस्थेचा अहवाल वाचायची सवय इथल्याला असते.

सासष्टीकर
कुणाला दुखवायचं नाही, पण लिहितो. इथे हजारो जोडपी ताटकळत असताना मूल देशाबाहेर का जावं? आणि परदेशी दत्तकाचा इतिहास काही स्वच्छ नाही. नेदरलँड्सने २०२१ मध्ये गैरप्रकार बाहेर आल्यावर परदेशातून मुलं घेणं थांबवलं होतं. दक्षिण कोरियात २०२५ मध्ये चौकशी आयोगाने खोट्या कागदांवर बोट ठेवलं. चीनने २०२४ पासून नातेवाईक सोडून बाकीच्यांना दार बंद केलं. आमच्या लहानपणी भावाचंच मूल मांडीवर घेत, घरातलं घरात राही.

मांडवीकाठ
सासष्टीकर, प्रश्न रास्त आहे, उगीच चिडून उत्तर देऊ नये असा. मी पंधरा वर्षं या कामात होते, आता निवृत्त.

आपल्याकडेही पूर्वी अंधारच होता. १९८२ मध्ये लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, की परदेशात जाणाऱ्या मुलांचं पुढे काय होतं ते कुणी पाहत नाही. त्या पत्राचीच याचिका झाली आणि १९८४ मध्ये न्यायमूर्ती भगवतींनी नियम घालून दिले. १९९० मध्ये कारा आली. परदेशी दत्तकाबद्दलचा हेग करार १९९३चा, भारताने तो २००३ मध्ये मान्य केला. २०१५च्या बालन्याय कायद्यातली वाट सगळ्या धर्मांना खुली आहे. त्यातली दुरुस्ती २०२२च्या सप्टेंबरपासून लागू झाली, तेव्हापासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात.

आता रांगेबद्दल. आधी बालकल्याण समितीने मूल दत्तकासाठी मोकळं आहे असं जाहीर करावं लागतं. मग निवासी, अनिवासी आणि ओसीआय भारतीय एका रांगेत. परक्या देशाच्या जोडप्याचा नंबर त्यांच्यानंतर. २०२४-२५ मध्ये काराच्या नोंदीनुसार ४,५१५ दत्तकं झाली, त्यातली ४,१५५ देशातल्या देशात. बाहेर गेली ती उरलेली ३६०. माझ्या अनुभवात बाहेर जाणाऱ्यांत मोठी मुलं, भावंडांच्या जोड्या, ओठ-टाळू दुभंगलेली, हृदयाची शस्त्रक्रिया झालेली मुलं बरीच. इथल्या किती जोडप्यांनी सहा वर्षांच्या मुलाची फाईल उघडून दुसऱ्या दिवशी 'नको' कळवलं, ते मी पाहिलंय. त्यांना दोष देत नाही. पण मग त्या मुलाने कुणाची वाट बघायची?

भावाचं मूल आजही घेता येतं, नात्यातल्या दत्तकाला नियमांत जागा आहे. मात्र जन्मदात्यांची लेखी संमती लागते, आणि मूल पाच वर्षांच्या वर असेल तर त्याचीही. आमच्या लहानपणी त्या मुलाला कुणी विचारलं होतं?

जाता जाता: मुलाची माहिती आली की फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरवू नका. मूल अजून तुमचं झालेलं नसतं, आणि त्याची ओळख गुप्त ठेवणं हा कायदा आहे. आजीला ताईच्या फोनवर दाखवा.

सासष्टीकर
शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. माझे धाकटे काका तसेच दत्तक गेले होते, शेजारच्याच घरात. जन्मभर आमच्या आजीला 'काकी' म्हणाले.

स्विंडनची सून
अहो, मी पण इथेच! पेडण्याची. ताईंना माझा व्यनि (खासगी निरोप) पोचवा.

इथे आधी तयारीचा वर्ग, मग समाजसेविकेच्या घरी फेऱ्या, मग पॅनेल, मग शिक्षण खात्याचं पात्रतेचं प्रमाणपत्र, आणि मग कुठे फाईल भारतात जाते. माझी मैत्रीण यातून गेली. एका फेरीत तिला विचारलं, तुमच्या लहानपणी घरात कोण कुणाला मिठी मारायचं? ती थिजलीच. आमच्यात मिठी कुठली, दही-साखर हातावर ठेवायची!

आम्ही पाचसहा जणींनी तिच्यासाठी एक केलं होतं. दर रविवारी कुणीतरी जेवण घेऊन जायचं आणि विषय काढायचा नाही. एकीने खतखतं नेलं (इथे त्यातल्या निम्म्या भाज्या मिळत नाहीत, ती वेगळीच रडकथा). मूल आल्यावर मात्र उलटं करायचं ठरलं होतं: डबा दारात ठेवायचा, बेल वाजवायची आणि निघून यायचं. पहिले दीड-दोन महिने मुलाला फक्त आईबाप दिसले पाहिजेत, भरवणं-उचलणं त्यांनीच. नव्या बाळाला बघायला वाडा लोटतो तसं करायचं नाही. हे आपल्या माणसांना पटवणं सगळ्यांत अवघड गेलं. एका मावशींनी अबोलाच धरला.

चाफ्याचं_झाड
मी दत्तक आहे. म्हापशाची, सत्तावीस वर्षांची. मूल कसं आणायचं यावर सगळे लिहितायत, म्हणून एवढंच.

कागद टाकू नका. संस्थेतून येताना अंगात जो फ्रॉक असेल तो धुऊ नका, किमान लगेच नको. त्याला जो वास असतो तोच एक ओळखीचा असतो. माझा आईने पिशवीत बांधून ठेवला होता, अजून आहे. अठरा पूर्ण झाल्यावर आपलं मूळ शोधायला अर्ज करता येतो. मी केला नाही. करेन असंही नाही. पण ती वाट आहे हे मला आईने स्वतः, मी बारा वर्षांची असताना सांगितलं, त्याचं मला फार वाटतं.

आणि 'किती नशीबवान पोर' हे तिच्यासमोर कुणी म्हणू नये. मी लहानपणी दर चवथीला, म्हणजे गणपतीत, ऐकलं.

काकी_फोंडा
आमच्या पुतण्याने परदेशात राहून असंच मूल घेतलं तेव्हा घरातल्या मोठ्यांनी टूम काढली, देवाला प्रसाद लावू या. बाहेरगावच्या वाचकांसाठी: मूर्तीला पाकळ्या लावतात, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मी म्हटलं, डावी पडली तर पोराला परत पाठवणार का? सगळे गप्प. जे ठरलंय ते देवाला विचारायचं नसतं, सांगायचं असतं. नारळ ठेवा आणि गाऱ्हाणं घाला.

डिचोलीकर, तुमच्या आई आत्ताच कुणाला न सांगता जाऊन आल्या असतील बघा. आम्ही बायका तशाच.

कुळागरातला
काकी, तुम्ही आमच्या घरात कॅमेरा लावलाय का? आई जाऊन आली होती. विचारलं तर म्हणे, "डावी-उजवी तुला कशाला? मी मध्येच उठून आले."

(सात महिन्यांनी)

कुळागरातला
धागा वर काढतोय. माहिती आली. मुलगी, साडेचार वर्षांची, ओडिशातली. नाव लिहीत नाही, आम्ही तिला बाय म्हणतो. ताईने आईला फोनवर फोटो दाखवला. आईने चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. दुसऱ्या दिवशी नारळ घेऊन गेली. नाव कुठे सांगायचं नव्हतं, म्हणून भटजींनी 'डिचोलीच्या घरची नात वाटेवर आहे' असं गाऱ्हाणं घातलं.

अबोली, बालरोगतज्ज्ञांचा सल्ला लाखमोलाचा ठरला. आता त्यांचं स्वीकृतीपत्र, तिथल्या प्राधिकरणाची संमती, मग काराचं ना हरकत. भारतातल्या संस्थेला द्यायचे ५,००० डॉलर नियमातच ठरलेले आहेत. कुणी 'वर थोडं' मागितलं नाही, मागितलं असतं तर ताईने भांडी घासली असती.

एक अडचण. ना हरकत आल्यावर, जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश होईपर्यंत, भारतातल्या भारतात मूल पालकांकडे सांभाळायला देता येतं. म्हणजे ताई-भावोजी येऊन तिला घेतील आणि पुढचे काही आठवडे, सुनावणीची फेरी सोडली तर, आमच्याकडेच राहतील. चवथ त्यातच. बायला फक्त ओडिया येतं. आमच्याकडे कुणाला ओ की ठो कळत नाही. गोव्यात ओडिया बोलणारं कुणी?

फेरीबोट
मालीम जेटीवर जाऊन उभे राहा. ट्रॉलरवरची निम्मी पोरं ओडिशा-झारखंडची. जून-जुलै मासेमारी बंद असते तेव्हा गावी जातात, ऑगस्टात परत येतात. माझ्या ओळखीचा एक खलाशी आहे, घरी त्याच्या दोन मुली. विचारतो.

मांडवीकाठ
छान सुचवलंत. पण त्याला एकदम मुलीसमोर नेऊ नका. आधी संस्थेला आणि ताईला सांगा, आणि त्याचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून ऐकवा. तिला वाटू नये की कुणी परत न्यायला आलंय.

स्विंडनची सून
बायच्या बुटांचं माप कळवा. इथला ऑक्टोबर तिला कळायच्या आत अंगात शिरेल. माझ्या धाकटीचा कोट ठेवलाय.

(दीड महिन्याने)

कुळागरातला
लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बसा.

बाय आली. पहिले दोन दिवस ताईच्या पदराचं टोक मुठीत आणि तोंडातून शब्द नाही. स्विंडनच्या सूनबाईंचं ऐकून आम्ही तिला उचलायचं नाही, भरवायचं नाही, असं ठरवलं होतं. आईला हे किती जड गेलं ते सांगता येत नाही. ती स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून बसायची आणि नारळ खवायची. चार माणसांच्या घरात दिवसाला पाच नारळ!

तिसऱ्या दिवशी बाय ताईला म्हणाली, "भोक." ताईने फ्रॉक तपासला. पुढून, मागून. कुठेच भोक नाही. ती परत, "भोक!" आता भावोजीपण शोधायला लागले. मी फेरीबोट यांच्या खलाशाला फोन लावला. तो हसतच सुटला. ओडियात भोक म्हणजे भूक.

मग त्याने फोनवरच तिच्याशी दोन मिनिटं गप्पा मारल्या. पंधरवड्यात तो तीनदा घरी आला. पहिल्यांदा अंगणातच बसला, आत यायला तयार नव्हता. गावाहून आणलेली मुढीची पिशवी बरोबर, म्हणजे आपले चुरमुरेच. त्याने ताईला सतरा शब्द लिहून दिले, देवनागरीत. पाण्याला पाणीच म्हणतात, ते ऐकून आईला कोण आनंद. सतरातला एक तरी तिला आधीपासून येत होता.

रात्री उशीखाली पोई (आपला गोव्याचा पाव) सापडल्या. पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, घेतलेल्यातल्या दोन, एक अर्धी खाल्लेली. आई ओरडणार इतक्यात ताईने बोटाने गप्प केलं. दुसऱ्या दिवसापासून तिच्या उशाशी एक झाकणाचा डबा ठेवला, त्यात रोज ताजी पोई. अबोलीने व्यनित हेच सांगितलं होतं, की डबा तिचा, तो भरलेला असतो हे तिला रोज दिसू दे. दहाबारा दिवसांनी तिने त्यातली अर्धी मोडून कुत्र्याला दिली.

चवथीला माटोळी (गणपतीच्या वर बांधतात ती फळापानांची) बांधताना मी एकेक फळ वर देत होतो. बाय खाली उभी राहून विचारतेय, हे काय, हे काय, म्हणजे बोटाने. मी म्हटलं, माटोळी. ती म्हणाली, "माटोळी." स्वच्छ. ळ असा की शाळेत बाईंनी शाबासकी द्यावी. माझा लंडनचा आतेभाऊ जन्मभर 'माटोली' म्हणत आलाय. त्या खलाशाला सांगितलं तर म्हणाला, आमच्यातही आहे की हे अक्षर.

शेजारची एक काकी आलीच. "किती नशीबवान पोर गे..." मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "नशीबवान आम्ही. करंज्या घे."

मध्ये ओडिशाला जाऊन सुनावणी झाली, आदेश आला. आईबापाच्या नावाने जन्मदाखला, मग पासपोर्ट. एका कचेरीत एका अक्षराच्या चुकीपायी नऊ दिवस गेले, लिस्बनची सवय असलेल्या भावोजींनी तेही शांतपणे घेतलं. व्हिसा लागला. मोपा विमानतळावरून गेले. आता दोन वर्षं पाठपुरावा: पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी अहवाल, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी.

चाफ्याचं_झाड, फ्रॉक धुतलेला नाही. पिशवीत आहे, ताईच्या कपाटात, वरच्या कप्प्यात.

चाफ्याचं_झाड
वाचलं. आभार.

सासष्टीकर
बायला आशीर्वाद. भोक वाचून बायकोला हाक मारून सांगितलं.

अबोली
आता आईंकडे बघा. ताई गेल्यावर त्यांचं घर रिकामं झालं असेल. आमच्या सासूबाईंचं तेच झालं होतं, दोन आठवडे कुणी चहासुद्धा विचारायला आलं नाही. मी डिचोलीला येते पुढच्या शनिवारी. बांगडे आणू का?

फेरीबोट
मित्र विचारतोय, पोरगी कशी आहे.

कुळागरातला
बरी आहे म्हणावं. शाळेत एक मैत्रीण झाली. शनिवारी तिथे दुपारचे बारा-साडेबारा वाजले की ताईचा व्हिडिओ कॉल येतो, तेव्हा इथे संध्याकाळचा पोदेर यायची वेळ. मी फोन खिडकीबाहेर धरतो. त्याला आता माहीत झालंय, आमच्या दारापाशी आला की भोंगा दोनदा जास्त वाजवतो.

अबोली, आई म्हणते आणा. मोठे बघून.